न गोठणारं पाणी

‘आई, उंबऱ्यातच थांब. पाय झटक, मग आत ये.’

इनालुकच्या कानात राहिलेला सगळ्यात जुना आवाज हा. बोलणारी तिची आई, बेनिग्ने. आणि जिला बोलली ती चार-पाच वर्षांची, नाकाचा शेंडा लाल झालेली, बुटांवर मणभर बर्फ घेऊन आलेली पोर. आईनं लेकीला आई म्हणायचं, यात त्या घरात कुणाला नवल नव्हतं. इनालुक हे नाव आजीचं. आजी गेली, नाव काही काळ वाऱ्यावर राहिलं, मग ही जन्मली आणि नाव हिच्यात येऊन बसलं. नाव आलं म्हणजे माणूस आलं. म्हणून बेनिग्ने तिला आई म्हणे, पिकल्या मिशांचा एनोकमामाही आईच म्हणे, आणि थोरला भाऊ तिच्या वेण्या ओढून विचारी, ‘आजी, रागावलीस?’

ती पोर आता राजधानीत, नूकच्या विद्यापीठात पर्यावरण शिकत होती. एप्रिलच्या अखेरीस, सूर्य मावळायचा विसरतो त्या आठवड्यात, ती आपल्याच वस्तीत पाहुण्यासारखी आली. बरोबर वर्गातला योकुम. काम साधं होतं, थंडीनं अवघड केलेलं. गोठलेल्या खाडीवर, हिमनदीच्या पायथ्यापासून उघड्या समुद्राच्या दिशेनं, एका रेषेत भोकं पाडायची. बर्फाची जाडी मोजायची, खालच्या पाण्याची ऊब आणि खारेपणा बघायचा. हिमनदी हल्ली हिवाळ्यातसुद्धा पोटातून वितळते. ते गोडं पाणी बर्फाखाली जाऊन काय करतं, हे शोधायचं. शिकारी म्हणत होते, बर्फ पूर्वीसारखा राहिला नाही. विद्यापीठ म्हणत होतं, आकडे आणा.

तो पूर्वीसारखा राहिला नाही, हे त्या घराला आकड्यांविना कळलं होतं. नोव्हेंबरात बर्फ नुकता धरत असताना थोरला भाऊ कुत्र्यांची गाडी घेऊन सीलच्या मागे गेला. संध्याकाळी कुत्री परत आली, तुटके दोर फरफटत. गाडी आली नाही. तो आला नाही.

त्या दिवसापासून वस्तीत त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. घ्यायचंच नसतं. गेलेल्याचं नाव नव्या बाळाच्या ओठाला टेकेपर्यंत उघड्यावर असतं, पिसं न फुटलेल्या पिलासारखं. कुणी हाक मारली तर ते हाकेच्या मागे चालू लागतं, आणि मग त्याला घर सापडत नाही. त्याच नावाचा एक समुद्रपक्षी आहे, उन्हाळ्याच्या तोंडाशी कड्यांवर घरटी करतो. वस्तीनं त्या पक्ष्याचंही नाव सोडून दिलं. पोरंटोरंसुद्धा त्याला नुसतं ‘कड्यावरचा’ म्हणत.

नावाला जागा मात्र तयार होत होती. भावाची बायको साबिना दिवस भरत आले म्हणून मोठ्या गावात, कानाकच्या इस्पितळात जाऊन राहिली होती. मुलगा होवो की मुलगी, नाव त्याचंच. बेनिग्नेनं पांढऱ्या सशाच्या कातड्याची टोपी शिवून ठेवली होती. मूठभर. ती रोज तिच्यात दोन बोटं घालून बघे, आणि परत ठेवून देई.

*

खाडीवर न्यायला एनोकमामाची गाडी असे. कुत्री थोरल्याचीच, मालक गेल्यावर मामानं आपल्या दोराला बांधली होती.

‘आई, ओरडणार नसशील तर एक सिगरेट ओढतो,’ मामा म्हणे.

‘इस्पितळातल्या बाईंनी काय सांगितलंय?’

‘सांगितलंय, आईला विचारून ओढ.’

योकुम पाठीमागे सामानाला बांधल्यासारखा बसलेला असे. तो नूकचा, शहरातल्या बसनं फिरत वाढलेला. ‘इनालुक, तुझी पोरं फार वाया गेलीत बघ,’ तो म्हणे.

‘लाड झाले,’ ती म्हणे. ‘धाकटा आहे ना.’

आणि धाकटा, साठी ओलांडलेला, मिशीतलं बर्फ पुसत हसे.

भोकांजवळ बांबूच्या काठ्या रोवून त्यांना कापडी निशाणं लावायची होती. निशाणांवर आधी आकडे होते, पण हिंवानं रंग फुटला आणि कुठलं भोक कुठलं तेच कळेना. मग योकुमनं तोडगा काढला. नूकमधल्या आपल्या सगळ्या आत्या-मावश्या त्यानं खाडीवर मांडल्या. एकेका निशाणावर लाल मेणखडूनं एकेकीचं नाव.

‘मार्थाआत्या आज जाड झाली,’ तो पट्टी वर ओढून सांगे.

‘आणि डोरथेमावशी?’

‘खारट. जन्माचीच खारट आहे ती.’

एनोकमामा आधी हसला. मग त्यानं सिगरेट तोंडातून काढली. ‘सगळ्या जिवंत आहेत ना रे ह्या?’

‘ठणठणीत. एकेक बाई मला पुरून उरेल.’

‘मग चालेल,’ मामा म्हणाला, आणि पुन्हा तो विषय निघाला नाही.

शेवटचं भोक पाडलं त्या दिवशी इनालुक घरी होती. साबिनाचा फोन यायचा होता आणि बेनिग्नेला एकटीला फोनवर बोलायचं नव्हतं. योकुम मामाबरोबर गेला. रेषेचं शेवटचं टोक उघड्या समुद्राच्या अंगाला, जिथं बर्फाचा रंग पांढऱ्यावरून करडा होत जातो. मामा सीलच्या श्वासाच्या भोकावर बसायला लांब निघून गेला, आणि इकडे भोकं पाडायच्या यंत्राच्या बॅटरीनं थंडीत मान टाकली. गाडीवर पडवीतली पहार होती, लाकडी दांड्याची, लोखंडी टोकाची. योकुमनं तिनं भोक फोडलं. घामाघूम झाला. निशाण लावायची वेळ आली तर मावश्या संपलेल्या. पहारीच्या दांड्यावर सुरीनं कोरलेलं एक नाव होतं. ज्याची पहार त्याचा मान, असं म्हणून त्यानं तेच नाव निशाणावर उतरवलं.

तिच्या भावाचं नाव त्याला ठाऊक नव्हतं. कुणी त्याच्यासमोर घेतलंच नव्हतं, तर कळणार कुठून.

*

दुसऱ्या दिवशी इनालुकनं ते वाचलं.

वारा नव्हता. निशाण काठीला चिकटून होतं, तिनं बोटानं उलगडलं. लाल अक्षरं. किती महिन्यांनी ते नाव डोळ्यांपुढे आलं होतं. तिच्या पोटात एकदम ऊब आली, दुरून घराचा दिवा दिसावा तशी, आणि तिच्या मागोमाग भीती.

तिनं तेव्हाच काठी उपटायला हवी होती.

पण तिचं लक्ष पाण्याकडे गेलं. मागच्या सगळ्या भोकांवर रात्रीतून नवी साय धरली होती, पहार मारूनच फोडावी लागत होती. इथं पाणी उघडं होतं. काळं, नितळ, कडेपर्यंत आलेलं. त्यातून बारीक वाफ निघत होती.

‘प्रवाह असेल खाली,’ ती म्हणाली.

‘असेल,’ योकुम म्हणाला. त्यानं तापमापक सोडला, वर काढला. ‘मार्थाएवढंच गार आहे. खारेपणाही तोच.’ तो वाकून कडा बघत राहिला. ‘आणि प्रवाह असता तर कडा झिजल्या असत्या ना? माझ्या पहारीचे घाव जसेच्या तसे दिसतायत. कुणाची आहे गं ती पहार?’

‘घरातली,’ इनालुक म्हणाली.

मागे कुत्री गप्प होती. थांबलेल्या गाडीची कुत्री कधी गप्प बसत नाहीत. भांडतात, दोर गुंतवतात, खायला मागतात. ही अर्धगोलात बसली होती, तोंडं भोकाकडे करून. शेपट्या बर्फावर हळूहळू फिरत होत्या. झाडून काढल्यासारखा बर्फ गुळगुळीत झाला होता.

‘ह्यांना काय झालं?’ एनोकमामा म्हणाला. ‘अजून तुकडा टाकला नाही, आणि आनंद बघा.’

त्यानं निशाणाकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी त्याला चष्म्याशिवाय वाचता येत नव्हतं, आणि चष्मा म्हाताऱ्यांनी लावायचा असतो असं त्याचं मत होतं.

त्यानंतर ते रोज तिथं गेले. थंडी हटत नव्हती. केतलीतला चहा कपात ओतेपर्यंत सायीला यायचा. सगळ्या आत्या-मावश्या रोज गोठत होत्या. शेवटचं भोक रोज उघडं होतं. ते पाण्याखाली ऐकायचा माईक सोडत. इतर ठिकाणी दाढीवाल्या सीलची ती लांब, घसरत जाणारी शीळ ऐकू येई, बर्फाची करकर येई. शेवटच्या भोकात काहीच येत नसे. योकुम म्हणाला, माईक बिघडला. इनालुकनं हेडफोन कानाला लावून पाहिलं. ती नुसती शांतता नव्हती. कुणीतरी लपलेलं असावं आणि हसू दाबून श्वास रोखून धरावा, तशी ती होती. लहानपणी गाडीच्या सामानामागे थोरला असाच लपायचा.

एकदा तिनं खोली मोजायची दोरी सोडली, वजन लावलेली. वर ओढली तेव्हा वजनाच्या वर एक गाठ होती. कुत्र्यांचे दोर बांधायची गाठ, पण शेवटचा पेच उलटा घातलेला. तसा उलटा पेच डावखुरा माणूस घालतो. वस्तीत डावखुरा एकच होता.

योकुम पाठमोरा होता. तिनं हातमोजा काढला, उघड्या बोटांनी गाठ सोडवली, आणि बोटं बराच वेळ तोंडात धरून बसली. खारट लागत होती.

मग तिला सवय लागली. योकुम दुसऱ्या भोकावर असला की ती शेवटच्या भोकाशी जाऊन बसे, हरणाच्या कातड्यावर, पाय पोटाशी घेऊन. पाणी किंचित वर येई, किंचित खाली जाई. झोपलेल्या माणसाची छाती जशी. भरती-ओहोटी, ती मनाशी म्हणे. बर्फाखाली समुद्रच आहे. ती त्याला नूकच्या गोष्टी सांगे, मनातल्या मनात. साबिनाचं सांगत नसे. बाळाचं सांगत नसे. सांगितलं तर तो जाईल, असं तिला वाटे. आणि असं वाटतंय हे तिला नीट कळत होतं.

*

बाळ झालं. मुलगा. फोनवर त्याचं रडणं घरभर ऐकू आलं आणि बेनिग्ने हसली. ‘रडणारच. बिननावाचा आहे. नाव मागतोय.’

नाव घरातच द्यायचं, ज्या घरातून ते गेलं तिथंच, असा तिचा हट्ट होता. साबिना हेलिकॉप्टरनं आली. पायऱ्या उतरतानाच ती म्हणाली, ‘मामंजी, धरा याला. रडताना वाटभर एक श्वास घेतला नाही यानं.’ एनोकमामाला ती सासऱ्याच्या जागी मानी. मामानं गाठोडं घेतलं, आत डोकावलं आणि म्हणाला, ‘अरे, हळू. कड्यावरचे यंदा यायचेच नाहीत.’

घरात कॉफीचा वास, मात्ताकची, व्हेलच्या कच्च्या कातडीची ताटली, शेजारणी दाटीवाटीनं बसलेल्या. बेनिग्नेनं पाण्यात बोट बुडवलं, बाळाच्या ओठांना लावलं आणि त्याच्या कानाशी तोंड नेऊन गुणगुणली,

‘ये रे नावा, ये रे घरा,
ओल्या ओठी बस जरा,
वारा बाहेर राहू दे,
दार आतून लावू दे.’

आणि मग नाव. इतक्या हळू की दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही.

बाळ रडत राहिलं.

तिनं पुन्हा सांगितलं. पुन्हा पाणी लावलं. शेजारणींनी कप खाली ठेवले. असं होत नसतं. नाव कानात पडलं की मूल गप्प होतं, आणि मग सगळ्या हसतात, नात्यानं हाका मारतात, विधवा झालेली बाई आपल्या पोराला नवरोबा म्हणते आणि हसता हसता डोळे पुसते. तसं काही झालं नाही. शेजारणी एकेक करून उठल्या. 

दुसऱ्या दिवशी धुकं आलं. खाडी, कडे, हेलिकॉप्टर उतरायची जागा, सगळं लोकरीत गुंडाळल्यासारखं झालं. बाळ छातीशी धरलं की तोंड फिरवी. रडणं बारीक झालं होतं, मांजरीच्या पिलाएवढं, पण थांबत नव्हतं. साबिनानं कानाकला फोन केला. इस्पितळातल्या बाई म्हणाल्या, ताबडतोब आणा. हेलिकॉप्टरवाला म्हणाला, धुकं उठल्याशिवाय नाही.

‘उठेल कधी?’ साबिनानं विचारलं.

‘ताई, मला दिसलं तर सांगेन ना.’

तिनं फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून बसली. बेनिग्नेनं बाळाला उचललं, त्याच्या गालावर नाक टेकवून वास घेतला. बराच वेळ घेतला.

‘हा रिकामाच आहे,’ ती म्हणाली. ‘तो याच्यात आलाच नाही. बाहेर कुणीतरी त्याला बसवून ठेवलाय.’

मग तिनं मान वळवली. ‘आई, तुला काही ठाऊक आहे?’

इनालुकनं सांगितलं. पहार, निशाण, पाणी.

‘अरे देवा,’ दारातून योकुम म्हणाला. त्याचा चेहरा कागदासारखा झाला होता. ‘मला कुणी सांगितलं नाही. मी मान म्हणून...’

‘तुझा दोष नाही, लेकरा.’ बेनिग्ने इनालुककडेच बघत होती. ‘तू कधी वाचलंस?’

‘लावलं त्याच्या दुसऱ्या दिवशी.’

‘आणि काढलं नाहीस.’

‘नाही.’

‘का गं आई?’

‘तो तिथं होता,’ इनालुक म्हणाली.

बेनिग्नेनं डोळे मिटले आणि उघडले. रागावली नाही. तिला रागावता आलं असतं तर बरं झालं असतं. ‘मग जा,’ ती म्हणाली, ‘आणि त्याला घेऊन ये. नावानं हाक मार. ओ दिली की घराकडे चालायला लाग. मागे बघू नये म्हणतात. का बघू नये, मला ठाऊक नाही. मी कधी हे केलेलं नाही. केलेलं कुणी पाहिलेलंही नाही.’

*

कुत्री जोडून निघायला मामा तयार होता, पण धुक्यात करड्या बर्फाकडे गाडी नेणं म्हणजे सगळ्यांनीच जाणं. ती पायी निघाली. योकुम मार्थाआत्यापर्यंत आला. ‘मी इथं थांबतो,’ तो म्हणाला. ‘शिट्टी वाजवत राहतो. म्हणजे तुला दिशा कळेल.’

दुपार असावी. उजेड सगळीकडून सारखा येत होता, त्यामुळे कशालाच सावली नव्हती. निशाणं धुक्यातून एकेक पुढे येत होती आणि मागे विरत होती. डोरथे. आणखी एक. आणखी एक. प्रत्येकीच्या पायाशी गोठलेलं, मिटलेलं भोक. बुटांखाली कोरडा बर्फ चुरचुरत होता. योकुमची शिट्टी मागे लहान होत गेली.

शेवटचं निशाण दिसलं.

पाणी उघडं होतं. वाफ आता निघत नव्हती. पाणी वर येत होतं, खाली जात होतं. नेहमीपेक्षा जरा भरभर. जाग आलेल्या माणसाची छाती जशी.

ती गुडघ्यांवर बसली. ‘बाळ झालंय,’ ती म्हणाली. ‘मुलगा. टोपी आईनं शिवलीय. तुला सांगितलं नाही मी.’

पाणी थांबलं.

तिनं उठून काठी धरली. ती बर्फात घट्ट बसली होती. दोन्ही हातांनी, सगळं अंग टाकून, तिनं ती उपटली. निशाण गुंडाळून अंगरख्यात खुपसलं.

मग तिनं हाक मारली.

‘तातेराक!’

धुक्यानं हाक गिळली.

तिनं वाट पाहिली.

ओ आली.

ती पाठ फिरवून घराकडे चालू लागली. त्या वेळी तिथं आणखी काय झालं ते तिनं कुणाला सांगितलं नाही.

काही पावलांनंतर तिला दुसरी पावलं ऐकू आली. चुर, चुर. तिच्यापेक्षा जड. ती थांबली की ती थांबत. ती निघाली की ती निघत. तिनं मागे पाहिलं नाही.

डोरथे गेली.

मार्थापाशी योकुम उभा होता, शिट्टी ओठांत. तिला पाहून त्यानं ती काढली आणि काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मग तो तिच्या खांद्यावरून मागे बघत राहिला, आणि तोंड मिटलं.

‘काय दिसतंय?’ तिनं विचारलं.

‘धुकं,’ तो म्हणाला. आणि तिच्या पुढे, जरा घाईनं, चालू लागला.

वस्तीच्या कडेला साखळीला बांधलेली थोरल्याची कुत्री होती. ती उठली नाहीत. शेपटी हलली नाही. एकेकानं पोट बर्फाला लावलं, कान पाडले, नाक पंजात खुपसलं. इनालुक त्यांच्यामधून गेली. मागची पावलंही गेली.

तिनं दार उघडलं आणि बाजूला उभी राहिली. आत रडणं चालू होतं. उंबऱ्यातून गार हवा शिरली, गुडघ्याएवढ्या उंचीवरून, आणि पाळण्याकडे सरकली.

रडणं थांबलं.

*

मे संपत आला. धुकं गेलं, कड्यांवर तातेराक आले. आता त्या पक्ष्याला त्याच्या नावानं म्हणायला मोकळीक होती, आणि पोरं दिवसभर तेच ओरडत असत. इस्पितळातल्या बाई स्वतः येऊन बाळ तपासून गेल्या. म्हणाल्या, असं अंग धरणारं मूल पाहिलं नाही. ते पोटभर पिई. साबिना त्याला नवरोबा म्हणे, शेजारणी त्याच्यापाशी जुन्या शिकारीच्या गोष्टी काढत, एनोकमामा त्याला विचारी, ‘काय भाचेबुवा, माझी सुरी परत कधी देताय?’ आणि सगळे हसत.

बाळ हसत नसे. रडतही नसे. त्या दिवसापासून ते एकदाही रडलं नव्हतं. भूक लागली तर ते डोळे उघडून बघत राही, कुणीतरी येईपर्यंत.

योकुम पहिल्याच हेलिकॉप्टरनं नूकला गेला होता. राहिलेलं सामान गोळा करून इनालुक उद्या निघणार होती. तिनं रेषेवरची सगळी निशाणं उपटून आणली होती. मामा मात्र कुरकुरत होता. गाडी कुठंही न्यायची म्हटलं तरी थोरल्याची कुत्री आधी करड्या बर्फाकडे ओढतात, चाबूक दाखवला तरी ऐकत नाहीत, आणि तिथं पोचली की अर्धगोलात बसून शेपट्या हलवतात.

‘काय दिसतं ह्यांना तिथं, कळत नाही,’ तो म्हणाला, आणि बाहेर गेला.

घरात दोघीच राहिल्या. साबिना दुकानात गेली होती. बेनिग्ने खिडकीपाशी बाळाला मांडीवर घेऊन बसली होती, टोपी डोक्यावर घट्ट होऊ लागलेली. तिनं बाळाच्या गालाला नाक लावलं, वास घेतला, आणि तोंड दूर केलं.

‘आई,’ ती म्हणाली, ‘एक विचारू?’

‘विचार.’

‘सगळ्या वस्तीनं याला नात्यानं हाक मारली. तू याला अजून दादा म्हणाली नाहीस. एकदासुद्धा नाही. बाळ म्हणतेस, नाहीतर काहीच म्हणत नाहीस. उचलूनही घेत नाहीस.’

इनालुक सामानाच्या पट्ट्याची कडी लावत होती. ती लावून झाली तरी तिनं हात काढला नाही.

‘आज म्हण,’ बेनिग्ने म्हणाली. तिचा आवाज अगदी खाली आला होता. ‘जाण्याआधी एकदा म्हण. मला ऐकू दे.’

बाळानं मान वळवली. ते इनालुककडे बघत होतं, पापणी न हलवता.

‘मला म्हणता येत नाही,’ इनालुक म्हणाली. ‘मी एकदाच हाक मारली होती आई, आणि ओ दोन आल्या. एक पाण्यातून आली. ती त्याची होती. दुसरी मी पाठ फिरवताच मागून, भोकाच्याही पलीकडून, समुद्राच्या बाजूनं आली. मी घाबरले, लगेच चालायला लागले. पाण्यातून कुणी वर आल्याचा आवाज झालाच नाही. पावलं मात्र तेव्हाच सुरू झाली.’